घुमट पाहायचा होता मला

घुमटातून घाबरून पळालो तो मी, आणि घरी येऊन ते बायकोवर ढकललं तेही मीच. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर लिहितालिहिता मी पुन्हा कुठेतरी स्वतःला सांभाळून घेईन.

आमच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. मलकापूरच्या सासुरवाडीहून मांडवपरतणी आटोपून आम्ही एस.टी.नं फाट्यावर उतरलो आणि गावाकडे पायी निघालो. वाटेत, कपाशीच्या शेतांमध्ये एक जुना मकबरा होता. कोणा सरदाराचा म्हणत. गावात त्याला नुसतं घुमट म्हणायचे. आत कोणीतरी धापा टाकतं अशी बोलवा होती. भरदुपारीही बाया तिथून भरभर जात. अंगाची हळद उतरली नाही अशा नवरानवरीनं तर त्याच्या सावलीलाही थांबायचं नाही. अशा बाधेसाठीच नवरदेवाजवळ लिंबू खोचलेली कट्यार असते. मी नुकताच मास्तर झालो होतो. कट्यार मुद्दाम घरी ठेवून आलो होतो.

ती नको म्हणत होती. तुमच्या आईला आवडायचं नाही, म्हणाली. मी हसलो आणि तिचा हात धरून तिला आत नेलं.

आत गार होतं आणि पाकोळ्यांचा वास कोंडला होता. आवाज कसा घुमतो ते तिला दाखवावं म्हणून मी टाळी वाजवली. वरच्या अंधारातून एक लांब, घोगरा श्वास आला. लगेच दुसरा. मी पळालो. तिला तिथंच सोडून, थेट बांधावरच्या बाभळीपर्यंत. एक चप्पल आतच राहिली.

थोड्या वेळानं ती सावकाश चालत आली. केसांत जळमटं, हातात माझी चप्पल.

"घुबडाची पिल्लं हायेत वरती," ती म्हणाली. "भूक लागली का असेच फुसफुसतात. आमच्या घरामागं कापसाच्या जिन फॅक्टरीत लय होते." मग माझ्याकडे बघून हसू दाबत म्हणाली, "मी नाही सांगत कोणाले."

त्या हसण्यानं मी आतून पेटलो. घरापर्यंत तिच्या चार पावलं पुढेच चाललो.

आईला दारातच ती जळमटं दिसली. "घुमटात गेल्ते काय बे?"

"हिलेच पाहाचं होतं," मी म्हणालो. विचार करायलाही थांबलो नाही.

बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. मी पळाल्याचं तिनं खरंच कोणाला सांगितलं नाही.

त्याच वर्षी तिचा पहिला गर्भ पडला. घुमटाची बाधा, असं ठरलं. भगत आला, मिरच्यांची धुरी झाली. ती आत खोकत होती आणि मी मास्तर ओसरीवर येरझाऱ्या घालत होतो. पुढे दोन मुलं झाली, तरी डाग गेला नाही. कोणाची ओटी भरायची असली, कोणा नवरीला हळद लागायची असली, की ती आपणहूनच चुलीकडे सरकायची. मी पाहायचो आणि काहीतरी काम काढून बाहेर पडायचो.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. आमचं लग्न झालं तेव्हा ती परकरात होती. तिची वेणी घालण्यापासून सगळं माझ्या बायकोनंच केलेलं. हळदीच्या सकाळी सवाष्णी जमल्या. मी मांडवात उगाच फिरत होतो, बांधलेल्या दोऱ्या पुन्हा बांधत होतो. हळद हिनंच दळली होती, पण वाटी बाहेर पाठवून ती स्वतः आतच राहिली होती.

बहीण पाटावर बसेना. "पहिली हळद वहिनी लावन, तं मी बसन."

आई हळू आवाजात म्हणाली, "तिचा हात नको, बाई. तुले माहीत हाय ना काऊन."

बहीण रडायला लागली. सगळ्या बाया खाली बघत होत्या. मला उभं राहवेना आणि निघूनही जाता येईना. शेवटी मी आईला म्हणालो की घुमट मलाच पाहायचा होता, ती नको म्हणत होती.

"मांडवात कायले उकरून काढतं आता?" आई म्हणाली.

तोवर बायको स्वैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. माझ्याकडे बघून तिनं नकारार्थी मान हलवली. तेव्हाही मला सांभाळूनच घेत होती. मी सगळ्यांसमोर तिच्याकडे गेलो.

"तुले हात धरून मी नेलं," मी म्हणालो. "भेऊन पळालो मी, तुले आत टाकून. अन् घरी येऊन नाव तुहं घेतलं. इतके वर्ष तू भोगलं अन् मी पाहत राह्यलो. चुकलो मी. मले माफ कर."