तुवालूच्या खुर्चीवर माझा रुमाल

लातूर-नांदेड हा काय प्रवास झाला का, त्यावर काय लिहायचं, असं आमचे हे म्हणाले. पण मी चिडलेय, आणि चिडले की लिहिल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. शिवाय कुणाला आपल्या लेकराला असल्या कार्यक्रमाला न्यायचं असेल, तर रस्ता, मुक्काम, खाणं सगळं आधीच ठाऊक असलेलं बरं.

आमची गौरी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. विष्णुपुरीजवळच्या एका कॉलेजात दोन दिवसांची नकली परिषद होती. जिनिव्हाला जगातले सगळे देश बसून माणसांच्या हक्कांचं बोलतात, तशीच हुबेहूब इथं भरवायची. मुलांनी एकेका देशाचे प्रतिनिधी व्हायचं, भाषणं करायची, ठराव मांडायचे. मोठे देश चौघांच्या टोळीला मिळणार आणि त्यांची फी जास्त. एकट्यानं जाणाऱ्याला लहान देश, फी कमी. मी अर्थातच कमी फीवर बोट ठेवलं. गौरीच्या वाट्याला आला तुवालू. समुद्रातली चिमूटभर बेटं. आमचं माहेर चाकूर, तेवढीसुद्धा वस्ती नाही त्या अख्ख्या देशात.

"एवढ्या देशाला काय बोलायचं असतंय गं?" मी विचारलं होतं.

"आई, समुद्र वर येऊन राहिलाय त्यांच्या घरात," गौरी म्हणाली. "पण अशा देशांकडं जिनिव्हाला माणूस ठेवायला पैसा नसतोय. बैठकीला कुणी नसलं की त्यांचं कोण ऐकणार?"

अशा देशांच्या माणसांना तिकडं जायला-राहायला मदत करणारा निधी आहे म्हणे, पण तो पुरत नाही. तो वाढवावा, असा ठराव तिनं लिहिला होता. दोन महिने पोरगी त्यासाठी बसली होती. तो ठराव सभेपुढं यावा, एवढंच तिचं मागणं. बक्षिसाचं तिनं नावसुद्धा काढलं नव्हतं.

सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही दुपारी लातूर बसस्टँडवर आलो. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा खासगी गाडीच्या नादी लागू नका. गाडी फलाटाला लागायच्या आत मी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या. या कामात माझा हात कुणी धरायचा नाही. रुमाल पडला की जागा धरली, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. चाकूर, अहमदपूर, लोहा असा रस्ता. बराचसा चांगला झालाय, तरी लोह्याच्या अलीकडं कंबर जागेवर आहे का ते तपासून घ्यावं. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, म्हणून हॉटेलाचं तोंड पाहिलं नाही.

मुक्काम गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात केला. स्वच्छ खोली, माफक देणगी. आधी चौकशी करून जा, सणाला जागा मिळत नाही. संध्याकाळी लंगरमध्ये जेवलो. एका बाजूला सोन्यानं मढलेली बाई, दुसऱ्या बाजूला हिमायतनगरकडचा एक म्हातारा आणि मधी आम्ही. वाढणाऱ्यानं सगळ्यांना वाकूनच वाढलं. मी हात जोडून महादेवाचं नाव घेतलं, त्यालाही कुणाची हरकत नव्हती.

सकाळी सहा आसनी रिक्षानं विष्णुपुरीला गेलो. लातूरकडून थेट येणाऱ्यांनी नांदेडपर्यंत जायची गरज नाही, विष्णुपुरी वाटेतच लागतं. काळेश्वराचं दर्शन जरूर घ्या. धरणाचं पाणी पायरीजवळ शांत पसरलेलं असतं. गौरी त्या पाण्याकडं बघत भाषण पुटपुटत होती. पिंडीवर बेल वाहताना मी एवढंच मागितलं, पोरीचं म्हणणं ऐकू जाऊ दे.

आता माझं डोकं कुठं फिरलं ते सांगते.

परिषदेच्या बैठका दोन हॉलांत, एकाच वेळी. प्रत्येक देशाची पाटी दोन्हीकडं ठेवलेली. हजेरीला पाटीमागं माणूस नसला तर तो देश अनुपस्थित, आणि सकाळ-दुपार दोन्ही हजेऱ्यांना अनुपस्थित राहिलेल्या देशाचा ठराव रद्द! मोठ्या देशांचे दोघं इकडं, दोघं तिकडं. गौरी एकटी. तिनं दोन तुकडे करून बसायचं काय?

"सर, मी दोन्हीकडं कशी बसू?" तिनं विचारलं.

नियम सांगणारे सर हसले. "खऱ्या परिषदेत लहान देशांचं असंच होतं. तोच तर अनुभव घ्यायचाय."

अनुभव! पोरांना अन्याय दाखवायचाय तर दाखवा ना, पण दाखवून झाल्यावर त्याची दंडाची पावतीबी त्यांच्याच नावानं फाडता? मी पालकांच्या बाकावर बसून धुसफुसत होते.

तिचा ठराव पहिल्या हॉलात होता, म्हणून ती तिथं बसली. मी गुपचूप उठले आणि दुसऱ्या हॉलात जाऊन तुवालूच्या खुर्चीवर रुमाल टाकला. शेजारी कोमोरोस नावाच्या तसल्याच लहान बेटांच्या देशाच्या पाटीमागं नांदेडचीच एक मुलगी एकटी बसली होती. समीना तिचं नाव. तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान आहे, हे तिनं दोन मिनिटांत सांगून टाकलं.

"काकू, इथं रुमाल चालत न्हाई," ती हळूच म्हणाली. "माणूसच लागतंय."

"मग मी काय हाय?" म्हणत मी बसले.

हजेरी सुरू झाली. "तुवालू?"

मी उभी राहून खणखणीत आवाजात म्हणलं, "हाजर!"

सगळा हॉल खो-खो हसला. अध्यक्ष झालेला मुलगा म्हणाला, "आंटी, तुम्ही पालक आहात. प्लीज."

"पालक हाय म्हणूनच बसलेय. पोरगी पलीकडं हाय, पळून न्हाई गेली. जागा धरली की धरली!"

नियमवाले सर आले. बाहेरच्या माणसानं देशाच्या नावानं हजेरी दिली, म्हणून तुवालूला ताकीद आणि ठराव, भाषण, मत सगळं लगेच रद्द. मी बसले नसते तर निदान दुपारच्या दुसऱ्या हजेरीपर्यंत वेळ मिळाला असता. माझ्या रुमालानं पोरीची बस चुकवली. मला ढसाढसा रडावंसं वाटलं, पण राग एवढा होता की रडू मागंच राहिलं.

चहाच्या सुट्टीत गौरीला सांगितलं. ती माझ्यावर एक शब्द चिडली नाही, आणि त्यानंच जास्त लागलं. तेवढ्यात एका बलाढ्य देशाच्या टोळीचा म्होरक्या आला. कडक इस्त्रीचा कोट. देशाचं नाव लिहीत नाही, उगाच त्या लेकराची ओळख पटायची.

"टेन्शन घेऊ नको," तो गौरीला म्हणाला. "आमचा एक जण तुझ्या पाटीमागं बसवतो. सरांशी मी बोलतो, ठराव, मत सगळं परत मिळेल. फक्त मतदानाला आमच्या बाजूनं हात वर कर."

"तुमचा ठराव काय हाय?"

"लहान देशांचा निधी तूर्त आहे तेवढाच राहावा. बजेटचा प्रश्न असतो ना."

मी तर बघतच राहिले. ज्या दोरीनं वर ओढायचं, तिचंच टोक कापून द्या म्हणतोय, वर उपकाराची भाषा. गौरीनं हातातल्या ठरावाच्या कागदाकडं बघितलं. दोन महिन्यांची मेहनत तिच्या डोळ्यांपुढं असणार. मला वाटलं, आता हो म्हणेल. खरं सांगते, मीसुद्धा म्हणले असते.

"न्हाई," ती म्हणाली. "तुमचा माणूस माझ्या खुर्चीवर बसला, तर ती खुर्ची तुमचीच झाली की."

"मग घरी जा," तो म्हणाला आणि गेला.

समीना चहाचा कप घेऊन हे सगळं ऐकत उभी होती. "गौरी, माझा ठरावच न्हाई, त्यामुळं रद्द व्हायचंबी काही न्हाई," ती म्हणाली. "पहिल्या हॉलात कोमोरोसला बोलायला एक मिनिट हाय. मला तर तिकडं जाताच येत न्हाई. ते तू घे."

"आणि तू?"

"मी इकडं दोन्ही पाट्या घेऊन बसते. हसू देत हसले तर. काकूला हसले तेव्हा काय झालं?"

तिनं लेखी संमती दिली. सरांनी दोनदा वाचली. एका देशानं दुसऱ्याला बोलायला सांगू नये, असं त्यांच्या नियमांत कुठंच नव्हतं. शेवटी नाइलाजानं हो म्हणाले.

गौरी कोमोरोसच्या पाटीमागं उभी राहिली. हात पाटीवर टेकवून धरले होते.

"मी कोमोरोसच्या वतीनं बोलतेय, आणि तुवालूच्याबी," ती म्हणाली. "आमची घरं बुडणार का राहणार, यावर तुम्ही इथं हात वर करता. त्या वेळी आम्ही इथं नसतो. आम्हाला बोलायचं नसतं म्हणून न्हाई, यायला जमत न्हाई म्हणून. आम्हाला तिकीट द्या, राहायला जागा द्या, पण त्याच्या बदल्यात आमचं मत मागू नका. आज सकाळी मला..."

घंटा वाजली. माईक बंद. पुढचं वाक्य तिनं तसंच मोठ्यानं म्हणलं, पण मागच्या रांगेपर्यंत ते पोचलं नाही. मतदान मोठ्या टोळीच्या ठरावावर झालं आणि तो मंजूर झाला. तुवालूला मत नव्हतं.

दुसऱ्या दिवसाचा मुक्काम करायला माझं मन होईना. ठरावच नाही, तर कशासाठी थांबायचं? संध्याकाळी फाट्यावरूनच लातूरची गाडी धरली. सुट्टीच्या आदल्या दिवशी ती भरून येते, तेव्हा उभं राहायची तयारी ठेवा. लोह्यापर्यंत उभ्यानं आलो. जागा धरायला हात पिशवीत घातला, तर रुमाल नव्हता. तुवालूच्या खुर्चीवरच राहिला.

घरी हे म्हणाले, "पुढच्या वर्षी चार पैसे जास्त भरू, मोठा देश घेऊ."

"तुवालूच घ्यायचा बाबा," गौरी म्हणाली. "आता तर तोच."

मी भाकरी थापत राहिले. माझा राग त्या पोरांवर नाही. त्यांना जसं शिकवलं तसे ते बसले. राग त्या सरांच्या हसण्यावर आहे. जगात असंच चालतं म्हणून सांगायचं आणि आपल्या अंगणातबी तसंच चालवायचं. लंगरमध्ये उशिरा आलेल्यासाठी पंगत सरकते, एसटीत माणसं सरकतात, तर मग जगातल्या एवढ्या मोठ्या सभेत कुणीच का सरकत नाही? मला मॅट्रिकला कमी मार्क होते, तेव्हा कुणीतरी समजावून सांगा.

दुसऱ्या दिवशी दुपारी समीनाचा फोन आला.

"काकू, तुमचा रुमाल सापडला."

"राहू दे गं, जुनाच हाय."

"ऐका तर! आज हजेरीला त्यांनी पुकारलं, तुवालू? मी उठून म्हणलं, रुमाल टाकून गेलेत, येणार हायत. सगळे हसले."

"मग?"

"मग सर त्या रुमालाकडं बघत बसले. अनुपस्थित लिहा म्हणले न्हाईत. कोरी जागा ठेवा म्हणले. पोस्टानं पाठवू का रुमाल?"

"नको," मी म्हणलं. "तूच ठेव. पुढच्या वर्षी लवकर जा, आणि दोन्ही हॉलांत टाक."