प्रयागताईंचा डमी

समोर डमीचे तेरा पत्ते मांडले गेले की प्रयागताई स्वतःचे पत्ते टेबलावर पालथे ठेवायच्या, दोन्ही हात मांडीवर घ्यायच्या आणि गप्प बसायच्या. इतक्या गप्प की नवख्याला वाटावं, बाईंचा डोळा लागला. समोरचे घसा खाकरत, चहा मागवत, घड्याळाकडे बघत. ताई हलायच्या नाहीत. नांदेडच्या आमच्या क्लबात ब्रिज खेळणाऱ्या त्या एकट्याच बाई, त्यामुळे 'जरा लवकर' हे त्यांना जो तो सांगे. पुरुष विचार करत बसला की तो खोलात शिरलेला असतो आणि बाई बसली की ती गोंधळलेली असते, असा तिथला ठाम समज होता.

मी त्यांचा भिडू. बँकेतून माझी बदली होईपर्यंत कित्येक वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. ब्रिजमध्ये बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपले पत्ते उघडे मांडतो आणि मग तोंड मिटून बघत बसतो. त्यालाच डमी म्हणतात. आमच्यात बोली बहुधा ताईच जिंकायच्या, म्हणून माझी बरीच वर्षं डमी होण्यात गेली. माझ्या बायकोच्या मते तो माझा अंगचाच गुण आहे.

ताई रेल्वेच्या ऑफिसात कारकून होत्या. दुपारच्या सुट्टीत साहेब लोक ब्रिज खेळत आणि ताई मागे उभ्या राहून बघत. एकदा चौथा माणूस आला नाही म्हणून त्यांना बसवलं, आणि मग उठवणं कोणाला जमलं नाही. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. विधवा बाई पत्ते खेळते याची गल्लीत कुजबुज चाले. ताईंच्या कानावर आलं की त्या थेट त्या दारात जाऊन उभ्या राहत. "हाव, खेळून राहिले. तुम्ही पण या, शिकवते." कोणी आलं नाही ते सोडा, पण कुजबुज थांबली.

लातूरच्या एका स्पर्धेत आमची गाठ एका निवृत्त अधिकाऱ्याशी पडली. बदाम हुकूम होते, दहा हात करायचे होते आणि ताईंना नऊच नक्की दिसत होते. दहावा किल्वरच्या राणीवर अडला होता. राणी डावीकडे आहे की उजवीकडे, हा अंदाज बरोबर आला तर जिंकलो, चुकला तर गेलो. ताईंनी हात मांडीवर घेतले. साहेबांना दम निघेना. "बाई, टाका पत्ता," ते म्हणाले, "नांदेडची गाडी चुकेल तुमची."

"गाडीचं मला ठाऊक हाय साहेब. रेल्वेतच हाय मी."

मग त्यांनी खेळायला सुरुवात केली. आधी समोरच्यांचे हुकूम काढून घेतले. मग आपल्याकडचे आणि माझ्याकडचे इस्पिक संपवले. चौकटीही संपवत आणल्या, आणि शेवटच्या चौकटीवर हात चक्क साहेबांना देऊन टाकला. साहेबांनी तो खुशीत उचलला आणि पुढचा पत्ता काढता काढता थबकले. आता उतारी त्यांची होती. किल्वर उतरले तर राणी आपोआप सापडत होती. दुसरं काही उतरले तर ताई एकीकडून हुकूम मारणार आणि दुसरीकडून नको असलेला किल्वर फेकून देणार. काहीही टाकलं तरी दहावा हात ताईंचाच. साहेब बराच वेळ विचार करत बसले. त्यांना गाडीची आठवण करून द्यावी असं माझ्या फार मनात आलं होतं.

परतताना ताईंनी मला सांगितलं ते मी विसरलेलो नाही. "राणी कुठं हाय, ते आपण कशाला हुडकायचं, भिडू? समोरच्याच्या पळवाटा आधी बंद करायच्या. सगळ्या. मग हात त्याला द्यायचा आणि म्हणायचं, चाल आता." मला वाटलं, ही पत्त्यांचीच गोष्ट आहे.

पुढे ताईंचे वडील गेले. औशाजवळच्या गावात त्यांचं रान होतं. ताईंच्या पाठचे दोन भाऊ, दिगंबर आणि माणिक, ते कसत. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं जमत नव्हतं, पण एका गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे अक्कानं हक्कसोड करावी. आमच्याकडे ही रीतच आहे. बाप गेला की भाऊ बहिणीला साडीचोळी करतात, तालुक्याला नेतात, तिच्या वाट्यावर तिच्याच सहीने पाणी सोडायला लावतात, आणि वर माहेर टिकवल्याचं पुण्य घेतात. ताईंनी एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, कोर्टात गेलात तर निकाल बघायला तुम्ही असालच असं नाही. आणि नुसतं नाही म्हणावं, तर एरवी भांडणारे भाऊ एक होऊन मागे लागणार.

मी म्हणालो, द्या सोडून, तुम्हाला पेन्शन आहे. ताई माझ्यावर अशा बिघडल्या की विचारू नका. "पैका नको मला. सात-बाऱ्यावर नाव ऱ्हायला पाहिजे. त्या रानात मी खुरपलंय. लगीन झालं म्हणून काय ते खुरपणं पुसलं का?"

त्यांनी दोघा भावांना नांदेडला जेवायला बोलावलं. मलाही. पण डमी म्हणून, असं बजावून.

जेवताना भाऊ एकेक काढू लागले. तुझ्या लग्नात खर्च झाला. ताई म्हणाल्या, हाव, झाला. बापूचं म्हातारपण आम्हीच केलं. हाव, तुम्हीच केलं. मग दिगंबर म्हणाला, तुझ्या मागं खायला कोण हाय? इथे मला राहवेना. मी तोंड उघडलं, ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी भात मागितला. "कोणी न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. भावांजवळ भांडायला आता काही उरलं नव्हतं.

"सही करते," ताई म्हणाल्या. दोघांचे चेहरे उजळले. "पण एकाच्याच नावानं. वाट्याचे तुकडे करणार न्हाई. कुणाच्या नावानं, ते तुम्ही ठरवा."

दिगंबरने माणिककडे पाहिलं, माणिकने ताटाकडे. थोरल्याने 'माझ्या' म्हणावं तर धाकटा पेटणार, 'याच्या' म्हणावं तर स्वतःच्या हातानं रान जाणार. धाकट्याचंही तेच. ताईंनी दोघांना आग्रहाने आणखी एकेक धपाटं वाढलं. शेवटी माणिक म्हणाला, "ऱ्हाऊ दे अक्का. सध्या तुझ्याच नावावर ऱ्हाऊ दे." दिगंबरने घाईघाईने मान हलवली. त्या दिवशी मला डमी असल्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधी वाटला नाही.

त्या दिवाळीला मात्र ओवाळून घ्यायला दोघांपैकी कोणी आलं नाही. ताईंना ते लागलं, आणि त्यांनी लपवलंही नाही. ताट तयार करून बसल्या होत्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

येळवस आली. आमच्या भागात त्या अवसेला गावंच्या गावं रानात जेवायला जातात. ताईंना भावांचं बोलावणं नव्हतं. "माझ्या रानात मला कोण बोलावणार?" असं म्हणून त्यांनी पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचा डबा बांधला आणि मला गाडी काढायला लावली. आपल्या वाट्यात त्यांनी कडब्याची छोटी कोप, म्हणजे खोपटी, उभी करवली, पूजा मांडली. पलीकडे भावांच्या कोपी दिसत होत्या. तिकडून कोणी हाक मारली नाही, इकडून ताईंनीही मारली नाही. आम्ही जेवायला बसणार एवढ्यात माणिकची बायको संगीता आंबिलीचा तांब्या घेऊन बांध ओलांडून आली. जावेला दिसू नये म्हणून ती कोपीच्या आडोशाला बसली. निलंग्याच्या तिच्या भावाने तिलाही हक्कसोडीला बोलावलं होतं, साडीसुद्धा घेऊन ठेवली होती.

"वन्सं, त्या दिवशी तुम्ही केलं ते मला शिकवा."

"भाऊ किती तुला?"

"एकच."

"मग त्याला डाव कशाला लागतो? सरळ न्हाई म्हण."

संगीता पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आन माहेर तुटलं तर?"

"तुटू दे," ताई तिच्या पुढ्यात ताट सरकवत म्हणाल्या. "हे रान माझ्या नावावर हाय. इथं ये माहेराला."