एचआर बाईंचं बाळंतपण

माझ्या धाकट्या मेहुण्याइतका अस्वस्थ माणूस पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत दुसरा नसेल, आणि ही हद्द रोज वाढते आहे हे लक्षात घेऊनच मी हे म्हणतो आहे. जेवायला बसला की त्याचा उजवा पाय असा हलायचा की शेजारच्याच्या वाटीतली आमटी हिंदकळायची. पाच वर्षांत चार कंपन्या बदलल्या पठ्ठ्याने. हडपसरच्या ऑफिसातून वारज्याला घरी जाताना सिग्नल लाल झाला की हा गाडी वळवून लांबच्या रस्त्याने जाणार. का, तर म्हणे, "दाजी, थांबण्यापेक्षा फिरलेलं बरं." सासूबाई वारज्याच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्या म्हणायच्या, "त्याच्या पायाला भिंगरी हाय, मी तरी काय करू?"

पण हाच माणूस लोणच्याच्या बरणीपुढे तास तास हलत नसे. बरणीत असायचा प्रार्थनाकीटक: हिरवा, काडीसारखा लांब, पुढचे दोन पाय जोडून देवापुढे उभा राहिल्यासारखा. त्याला कुणी नाकतोडा म्हटलं की मेहुण्याचं डोकं फिरायचं. "नाकतोडा गवत खातो, दाजी. ही शिकार करते!" श्रीखंडाच्या डब्यात एक केसाळ कोळीही होता, पण खरा जीव बरणीतल्या मादीवर. तिचं नाव त्याने एचआर बाई ठेवलं होतं. "आधी हात जोडतात, मग मुंडी तोडतात," असा खुलासाही तयार असायचा. बाईंना चिलटं लागतात म्हणून तो केळी मुद्दाम सडवायचा. पाहुणे नाक दाबून चहा प्यायचे आणि लवकर उठायचे. ही सोय मला मात्र मनापासून आवडत असे.

हा नाद लागला तो वारज्याचं घरचं शेत बिल्डरला दिलं त्या आठवड्यात. बुलडोझर बांधाला लागला होता आणि आमचा इंजिनिअर तीन बरण्या घेऊन बांधावर पालथा. घरच्यांना वाटलं, शेत गेलं त्याचा धक्का बसला. बसलाच होता, पण तो कबूल कशाला करील?

या किड्यांची अंडी फुटली की एकदम शंभरेक पिल्लं बाहेर पडतात. हे दृश्य बघायचं एवढी एकच इच्छा त्याला होती आणि ती दोनदा हुकली. एकदा इंटरव्ह्यूला गेला होता. दुसऱ्यांदा रजाच काढली होती, पण बसवेना म्हणून दूध आणायला निघाला आणि पार कात्रजला पोचला!

मग त्याला कंपनीने जर्मनीला पाठवलं. जायच्या आदल्या दिवशी शनिवार पेठेतल्या आमच्या घरी एक कुंडी घेऊन आला. कुंडीत कडुनिंबाचं रोप, आणि फांदीला वाळक्या फेसाची एक गाठ. अंडी घालून एचआर बाई वारल्या होत्या. "दाजी, शेतावरचं एवढंच राहिलंय माझ्याकडे," तो म्हणाला. पाय हलत नव्हता. "फुटली की तेव्हाच्या तेव्हा फोन करा. निदान ऐकेन तरी."

झालं! त्याची भिंगरी माझ्या पायाला लागली. दर तासाला गॅलरीत फेरी. पाडव्याच्या आदल्या दिवशी तर कुंडीपुढून उठवेना, आणि मंडईतून कडुनिंब आणायचा राहून गेला. सकाळी अंघोळ करून येतो तो गुढी उभी. तांब्या, जरीची साडी, साखरेची गाठी, कडुनिंबाची डहाळी आणि त्या डहाळीवर ती फेसाची गाठ!

"अगं, ही फांदी कुठली?" मी ओरडलो.

"कुंडीतली. तुम्ही आणला नाहीत, मग काय गुढीला कोथिंबीर बांधू?"

"त्यात तुझ्या भावाची अंडी आहेत!"

तिचा चेहरा उतरला. पण उभारलेली गुढी संध्याकाळच्या आत ती उतरवू देणार नव्हती. ऊन चढत गेलं. मी घामाघूम. आणि अकराच्या सुमारास गाठ हलली. बारीक बारीक, मुंग्यांएवढी पिल्लं धाग्यांना लोंबकळत बाहेर आली आणि जरीच्या काठावरून चालू लागली. मी फोन लावला.

"दाजी, पटकन बोला, ट्राम सुटेल."

"सुटू दे. फुटली अंडी!"

मग मी गुन्हा कबूल केला. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. तो एवढंच म्हणाला, "कुठे कुठे आहेत, सांगा." मी सांगत गेलो. साखरेच्या गाठीवर दोन, तांब्यावर एक हात जोडून. वाऱ्याबरोबर काही शेजाऱ्यांच्या तुळशीवर गेली. तिकडे ट्रामची घंटा वाजली, थोड्या वेळाने पुन्हा वाजली, पुन्हा वाजली. सिग्नलला न थांबणारा माणूस रस्त्यात उभा राहून ऐकत होता.

"एखादं शेतावर नेऊन सोडाल?" त्याने विचारलं.

"शेत कुठे राहिलंय रे?"

"हो. विसरलोच," तो म्हणाला. "मग तुमच्याकडेच राहू देत."

संध्याकाळी हिने साडी न झटकता उतरवली.

तो तिकडेच राहिला. दर पाडव्याला फोन येतो. आईची तब्येत, ताईचे गुडघे, सगळं विचारून झालं की शेवटी हळूच म्हणतो, "दाजी, आहेत का हो कुणी?" गॅलरीत किती वर्षांत काही दिसलेलं नाही. मी खुर्चीतून न उठताच सांगतो, "आहेत रे. आहेत."