हेडसाठी लावलेला नंबर

इंजिन तापून त्याचं हेड तडकलं, तेव्हापासून माझी गाडी सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत कव्हर ओढून पडून होती. कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलंय. वेगाची हौस असलेल्या मोजक्या वेड्यांनी ते घेतलं, आणि आता ते वेडे एकमेकांच्या गाड्यांवर टपून असतात. त्यातलाच मी एक. व्हॉल्व्ह आणि टॅपेट साध्या हॅचबॅकचे बसतात, स्प्रिंगा टॅक्सीत धावणाऱ्या सेडानच्या चालतात. हे सगळं मी भंगारवाल्यांकडे हिंडून जमवलं होतं. पण ज्यात ते बसवायचं ते हेड याच मॉडेलचं लागतं. ते मिळेना, आणि घरचे गाडी विकून टाक म्हणून मागे लागलेले.

आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक अलिखित नियम आहे. कुणाची गाडी ठोकली गेली की फोटोखाली जो आधी लिहील, त्या पार्टवर त्याचा नंबर. एका सकाळी पामबीच रोडवरचा फोटो आला. गाडी मागून चेंदामेंदा, बॉनेट शाबूत. हातातला चहाचा कप खाली न ठेवता मी टाइप केलं, 'हेड माझं.' आत माणूस होता, हे माझ्या मनातही आलं नाही.

काही दिवसांनी खुद्द गाडीच्या मालकाचा फोन आला. "हेड पायजे ना तुला? घरी ये, दिवाळे गावात."

मी खुशीत टूलबॉक्स घेऊन गेलो. अंगणात जवळा वाळत घातला होता. आत खाटेवर माझ्याच वयाचा एकजण, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. मी काही बोलायच्या आत त्याची आई पाणी घेऊन आली आणि तिने माझा हातच धरला.

"तूच काय रं तो? पयला मेसेज तुजाच आलेला, यो सांगत व्हता. यो हास्पिटलात आन् फोन सारका वाजं. मी इचारलं, कोन रं? तं बोलला, माजे दोस्त हायत, मी कसा हाय ते इचारतात."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो शांतपणे माझ्याकडेच पाहत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी 'हो' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तिने तळलेले बोंबील पुढ्यात ठेवले. ते मी मुकाट्याने खाल्ले, पुन्हा वाढले तेही खाल्ले, कारण नको म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

ती आत गेल्यावर मी हळूच म्हणालो, "हेड राहू दे."

"का? गाडी मागं उभी हाय, काढून ने. मी काय तिचं लोणचं घालू?" तो हसला. "फक्त अधूनमधून येत जा. आईला वाटतं, माझे लय दोस्त हायत. दुसरं कोणी आलंच नाय रे."

तो शिव्या घालता तर बरं झालं असतं. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मी दुपारभर खपून हेड काढलं आणि घेतलंही.

निघताना त्याची आई रिक्षापर्यंत आली. तिने सुक्या जवळ्याची पुडी माझ्या हातात कोंबली.

"बाकीची पोरं कवा येतील रं? त्यांना सांग, मी जेवन करीन."

बाकीच्यांचे मेसेज मला पाठ होते. एकाला टर्बो हवा होता, एकाला गिअरबॉक्स, एकाला पुढच्या सीटा.

"येतील," मी म्हणालो. गाडीत अजून बरंच काही शाबूत होतं.