गाडीची कातडी

आमच्या गाडीला वास यायचा. जळक्या ऑइलचा आणि त्यात मिसळलेल्या माशाच्या तेलाचा. ज्यांनी हा वास घेतलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी घेतलाय त्यांनी तो जेवायच्या आधी आठवू नये. मिठाचा हंगाम संपला की पावसाच्या तोंडावर बाबा दोन डबे घेऊन गाडीखाली शिरायचे. एकात गॅरेजमधून मागून आणलेलं काळं ऑइल, दुसऱ्यात उरणच्या एका कोळ्याकडचं, होडीच्या तळाला लावतात ते तेल. दोन्ही ढवळून चिंध्यांनी ते चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, आतून-बाहेरून फासायचे. पुढचे दोन दिवस त्यांच्या अंगाला वास, टॉवेलला वास, ताटातल्या भाताला वास. मला शाळेत सोडायला ते त्याच गाडीतून यायचे आणि मी फाटकाच्या बऱ्याच अलीकडे उतरून चालत जायचो. मला त्या वासाची किळस होती आणि खरं सांगायचं तर थोडीशी बाबांचीही.

गाडी म्हणजे सैन्याच्या लिलावात घेतलेला छोटा ट्रक. पुढे दोघांची केबिन, मागे हौदा, चारही चाकांना जोर. मिठागराच्या बांधावर जिथं चालणाऱ्याची चप्पल रुतून बसायची, तिथून ही गोणी भरून निघायची. पुढे मिठागर बंद पडलं, जमीन सरकारनं घेतली, तिच्या बदल्यात करंजाड्याला प्लॉट मिळाला आणि त्यावर चार मजले उभे राहिले. गाडी इमारतीच्या बाजूला ताडपत्रीखाली जाऊन बसली. तरी बाबांनी तेल फासणं सोडलं नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी खिडक्या लावून घेतल्या आणि मला सोसायटीतल्या माणसासारखी लाज वाटली, जणू मी कधी मिठागर पाहिलंच नव्हतं.

बाबांचे गुडघे गेले तेव्हा ते थांबले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आमच्या आगराच्या, म्हणजे जुन्या मिठागराच्या, बाजूला भराव टाकायला सुरुवात झाली होती. रोज डंपर लाल मुरूम ओतत होते आणि बांध एकेक करून गाडला जात होता.

"भराव याच्या आदी एकदा आगरावर ने मना," ते म्हणाले. "चालत नाय जमाचा. आपली गारी जाईल."

मी म्हणालो, "नेतो. पण आधी गाडी नीट करू द्या."

हे 'नीट करणं' दोन वर्षं चाललं.

त्याच सुमारास मी एका ग्रुपमध्ये शिरलो होतो. जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या घेऊन दर रविवारी चिखलात जाणारी मंडळी. पळस्प्याला नाक्यावर जमायचं, चहा प्यायचा, एकमेकांचे टायर बघायचे आणि मग ओहोटीची वेळ साधून खाडीच्या कडेला गाड्या घालायच्या. या लोकांची आज मला किळस येते, पण तेव्हा मी त्यांच्यात सगळ्यात पुढे होतो. गाडी चिखलात रुतवायची, ओरडायचं, विंचच्या, म्हणजे पुढे बसवलेल्या ओढयंत्राच्या, तारेनं ओढून काढायची, फोटो काढायचे. मागे पाण्याच्या बाटल्या, भेळेचे कागद आणि चाकांनी फाडलेली खारफुटीची, तिवरांची रोपं टाकून यायचं. सोमवारी गाडी मुद्दाम न धुता ऑफिसला न्यायची, म्हणजे लोक विचारतील. ज्या चिखलात आमच्या घरच्या बायका गुडघाभर उतरून चिंबोऱ्या पकडायच्या, त्या चिखलाला ही माणसं 'ट्रॅक' म्हणायची. मीही म्हणायला लागलो.

ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी एकानं माझ्या गाडीखाली वाकून बघितलं आणि नाक दाबून उठला. "अरे, खाली काय मासळी बाजार भरवलाय?" सगळे हसले. मीही हसलो. तेलाचा तो थर काढून टाकायचा निर्णय मी तिथेच घेतला असावा.

कळंबोलीला ट्रकच्या बाजारात एक म्हातारा मेकॅनिक आहे. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्यानं गाडी वर उचलली, बोटानं तो थर खरवडून बघितला आणि मला म्हणाला, "वडिलांना विचारलंत का? जुनी चीज आहे, खामखा छेडू नका."

विचारलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं. बाबा खाटेवर उठून बसले.

"ती घान नाय रं," ते म्हणाले. "ती गारीची कातरी हाय. सोलू नको."

"बाबा, आता नवीन कोटिंग मिळतं. रबराचं. दहा वर्षं बघायला नको."

"आनि भोकां?"

चॅसिसच्या पोकळ लोखंडाला खालून बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. तेल फासून झालं की बाबा सायकलच्या चाकातली एक तार घेऊन ती भोकं एकेक करून मोकळी करायचे. मला ते त्यांच्या इतर विक्षिप्तपणांपैकी एक वाटायचं.

"सगळं पॅक होतं," मी म्हणालो. मोठ्या अभिमानानं म्हणालो.

तो थर काढताना मी हजर होतो. पत्र्याच्या पट्टीनं खरवडला की त्याच्या ढलप्या निघायच्या, हातभर लांब. त्यात माशांचे खवले, केस, कापूस, उंदराचं वाळलेलं घरटं आणि घरट्यात वाळलेली पिल्लं. गरम पाण्याचा फवारा मारला तेव्हा सगळ्या गॅरेजमध्ये तो वास उठला आणि मी बाहेर जाऊन गटाराच्या कडेला ओकलो. उस्ताद आत शांतपणे काम करत होता. मला वाटलं, चला, एकदाची सुटका झाली. मग ग्राइंडर फिरला, लोखंड चांदीसारखं उघडं पडलं आणि वर काळं, मऊ, तुळतुळीत कोटिंग बसलं. मीच सांगून भोकांवरूनही मारायला लावलं, सलग दिसावं म्हणून. उस्तादनं दोनदा विचारलं. दोनदा मीच हो म्हणालो.

पुढे सगळं ओघानं आलं. मोठे टायर, मोठ्या टायरांना जागा व्हावी म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी वीतभर उंच, पुढे विंच, आणि केबिनच्या कडेनं वर गेलेलं काळं नळकांडं, पाण्यात गाडी बुडाली तरी इंजिनाला हवा मिळावी म्हणून. गाडी रुबाबदार दिसायला लागली. भाडेकरूंची पोरं तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायची.

मग एका रविवारी सकाळी मी बाबांना म्हणालो, चला, आगरावर जाऊ. त्यांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, काठी घेऊन खाली आले. गाडीजवळ आले आणि थांबले. केबिनची पायरी त्यांच्या मांडीच्या वर आली होती. त्यांनी एक पाय उचलायचा प्रयत्न केला. मग दुसरा. मी मागून कमरेला धरून उचलायला गेलो, त्यांचा गुडघा पत्र्यावर आपटला, टोपी पडली. वरच्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते. मी स्टूल आणायला धावलो, परत आलो तोवर बाबा टोपी झटकत जिन्याकडे निघाले होते.

"गारी लय मोठी झाली तुजी," एवढंच म्हणाले.

'तुजी' म्हणाले. तोवर ती आपली होती.

मी त्यांना सांगितलं, बाजूला खाली येणारी पायरी बसवून घेतो. ती पायरी बाहेरून मागवायची होती. ती आली नाही, मग चुकीची आली, मग पाऊस आला. मधल्या काळात मी रविवार चुकवला नाही. खाडीचं खारं पाणी नळकांड्यापर्यंत उडवत गाडी घालत होतो आणि संध्याकाळी रोडपालीच्या सर्व्हिस सेंटरवर वरून धुऊन आणत होतो. वरून.

दुसऱ्या पावसानंतर, एका साध्या चढावर, काही विशेष नसताना गाडीखालून कण्हल्यासारखा आवाज आला. मी उतरून दार लावायला गेलो तर दार लागेना. चौकट तिरकी झाली होती. ग्रुपमधल्या दोघांनी फोटो काढले. तिसऱ्यानं सल्ला दिला की भंगारात दे आणि नवीन घे. त्यानंतर त्यांच्यापैकी कोणाचा फोन आला नाही आणि मीही केला नाही.

क्रेननं गाडी कळंबोलीला आली. उस्तादनं माझ्यादेखत खालून स्क्रूड्रायव्हर टेकवला, दाबला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला त्याच्याबरोबर तपकिरी पाण्याची धार लागली. कुजलेल्या अंड्यासारखा वास. वर कोटिंग होतं तसंच तुळतुळीत होतं, आणि आत लोखंड राहिलंच नव्हतं. वरच्या जोडांतून शिरलेलं पाणी आत, खालची भोकं बंद, पाण्यात खार. उस्तादनं स्क्रूड्रायव्हर चिंधीला पुसला. दोनदा विचारलेलं त्याच्याही लक्षात असणार. मला माझ्या हातांची, माझ्या बुटांची, माझ्या 'सगळं पॅक होतं' या वाक्याची इतकी शिसारी आली, की त्या उंदराच्या पिल्लांची कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलवर आगराकडे गेलो. म्हटलं, गाडी नाही तर निदान खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून नेऊ. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे बांध दिसायला हवा होता. दिसला तो सपाट लाल मुरूम, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यावरून फिरणारा रोलर. एका डंपरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, इथलं काम गणपतीच्या आधीच झालं.

बाबांना मी दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या. त्यांनी भरावाबद्दल काहीच विचारलं नाही.

"गारी बगाची हाय," म्हणाले.

मी टाळत राहिलो. गाडी ऑक्टोबरच्या उन्हात महिनाभर गॅरेजच्या दारात तशीच पडून होती. शेवटी एका दुपारी त्यांना रिक्षात घालून नेलं. उस्तादनं चॅसिसचा कुजलेला भाग कापून बाजूला ठेवला होता. त्यानं बाबांना प्लास्टिकची खुर्ची दिली आणि तो तुकडा त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढलं. ती सायकलची तार होती. गंजू नये म्हणून तेलकट कागदात गुंडाळलेली.

त्यांनी बोटांनी भोक चाचपलं, तार टेकवली. कोटिंगमधून ती आत जाईना. त्यांनी जोर केला, मग पोपडा फुटला आणि आतून वाळलेला लाल चुरा त्यांच्या तळहातावर पडला. त्यात पांढरे खडे होते, तांदळाएवढे. त्यांनी एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला.

"बाबा, थुका!" मी ओरडलो. "गंज हाय तो! घान हाय!"

ते थुंकले नाहीत. तोंडात फिरवून बघितला, जसं हंगामाचं पहिलं मीठ बघायचे.

"आपल्या आगराचा हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भोकां बुजवलीस म्हनून रायलाय. नायतर यो पन वाहून जाता."

ते माझी समजूत काढत होते. टोमणा नव्हता, मी त्यांचे टोमणे ओळखतो. त्यांनी शिवी दिली असती, ती काठी पाठीत घातली असती तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

आमच्या आगराचं मीठ त्या चॅसिसमध्ये असणं शक्य नव्हतं. ते मी गरम पाण्याच्या फवाऱ्यानं दोन वर्षांपूर्वीच धुऊन काढलं होतं. हे मीठ खाडीचं होतं, माझ्या रविवारांचं. भेळेच्या कागदांतलं आणि फाटलेल्या तिवरांतलं. उस्तादनं माझ्याकडे पाहिलं, त्यालाही ते ठाऊक होतं. मी म्हणालो, "हां बाबा. आपलाच हाय."

बाबांनी बाकीचे खडे निवडून मुठीत घेतले. परत येताना रिक्षा खड्ड्यांतून उडत होती. एका हातात काठी, दुसरी मूठ बंद, त्यामुळे त्यांना दांड्याला धरता येईना. करंजाडे येईपर्यंत मी त्यांना कमरेला धरून बसलो होतो.