आईच्या केसपेपरवरची एक ओळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ते मी मिरवते, लाजत नाही. सांगलीतल्या एका दवाखान्यात मी रेकॉर्ड विभागात काम करते. मागच्या वर्षी तिथं एआय आलं. हातानं लिहिलेले जुने केसपेपर स्कॅन करून द्यायचे, की ते डॉक्टरांचं गिचमिड अक्षर वाचून पेशंटची सगळी हकीकत एका पानावर मांडतं. ते पान मूळ कागदाशी ताडून ‘बरोबर’ म्हणायचं काम माझं. जे अक्षर आम्हाला कधी लागलं नाही, ते त्याला लागायचं. कौतुकच वाटायचं.

एका सकाळी गठ्ठ्यात आईचा पेपर निघाला. गंमत म्हणून आधी तोच घातला. पानावर शेवटून तिसरी ओळ होती: छातीत गाठ, लगेच तपासणी सांगितली, रुग्ण पुन्हा आल्या नाहीत.

मूळ कागद काढला. निळ्या शाईचं नुसतं वेटोळं. पण एकदा वाचल्यावर मलाही त्यात तेच दिसायला लागलं. नऊ वर्षांपूर्वीचं होतं. 

मग आठवलं, तो पेपर एकट्या आईचा नव्हताच. नवा पेपर काढायचा म्हणजे अर्धा दिवस रांगेत जायचा. जुना असला की थेट डॉक्टरांपुढं. म्हणून आई आणि काकी, दोघी जावा, एकाच पेपरवर दाखवायच्या. अक्कल माझीच. “काकी, आईचंच नाव सांग, कोण बघतंय?” असं मीच शिकवलं होतं. शिकलेली ना मी! आता यंत्रानं दोघींची दुखणी मिळून एकच बाई उभी केली होती. काकी चार वर्षांपूर्वी झोपेतच गेली. ती ओळ काकीची असू दे, असं मी मनात म्हटलं. गेलेल्या माणसाच्या अंगावर दुखणं ढकलताना लाजही वाटली नाही, इतकी भ्याले होते.

कडेगावकडं आमच्या गावी फोन लावला.

“आई, आमच्या मशीननं तुझा जुना पेपर वाचला, त्यात एका गाठीचं लिहिलंय. तुझं का काकीचं?”

“छातीतली व्हय? ती काकीची. मला काय बी न्हाई.”

 गाठ कुठली, ते मी सांगितलंच नव्हतं.

“आई, उद्या पहिल्या गाडीनं ये.”

“ऊस तोडायला टोळी आलीया. त्यास्नी सोडून कशी येऊ? आन् त्या मशीनला कशाला नसत्या चौकशा?”

“तू ये, न्हाईतर मी येते आणि सगळ्या टोळीपुढं इचारते.”

“शिकून लय वांड झालीस बग,” म्हणाली. पण आली.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी पेपरची सगळी हकीकत सांगितली, माझ्या अकलेसकट. त्या रागावल्या नाहीत. “इतकी वर्षं गेली म्हणजे साधी असेल. पण बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही,” एवढंच बोलल्या. 

तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर आई पिशवी छातीशी धरून बसली.

“दुखत न्हाई गं. म्हनून म्हनलं, कशाला सांगा.”

“मला तरी सांगायचंस.”

“तवा तुजं शेवटचं वरीस. परीक्षा टाकून पळत आली असतीस. मग त्यो पदवीच्या टोपीतला फोटू भिंतीवर कुटनं आला असता?”

घरी आलेल्या प्रत्येकाला मी त्या फोटोपुढं उभं करते.

आतून नाव पुकारलं, एकट्या आईचं. तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, उठली, आणि दारापाशी थांबली. “चल की आत,” म्हणाली. तिनं मला सोबत बोलावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. यंत्राचं ते पान माझ्याकडंच होतं, अजून ‘बरोबर’ म्हणायचं राहिलेलं. घडी घालून ते पिशवीत कोंबलं आणि तिच्यामागनं आत गेले.