‘समझे?’ विचारायचं नाही

आमच्या मुख्याध्यापिका सरोजिनी दाणी गेल्या दोन वर्षांत कुणावर चिडल्या नाहीत आणि हसल्या तर मुळीच नाहीत. मिस्टर गेल्यापासून बाई शाळा अशी चालवतात, जशी बाकीची माणसं सकाळी दात घासतात. तात्यापारा मोहल्ल्यातली आमची ही हिंदी माध्यमाची शाळा. दर दोन-तीन वर्षांनी वरून नवी पद्धत येते, आम्ही मास्तरलोक माना डोलावतो आणि वर्गात जाऊन जुनंच शिकवतो. मीही त्यातलीच. आता त्याचं काही वाटतही नाही.

यंदा मात्र बाईंनी एकच गोष्ट धरून ठेवली. वर्गात ‘समझे?’ असं विचारायचं नाही. मुलं ‘हव’, म्हणजे हो, म्हणतात आणि आपण पुढचं गणित घेतो. त्यापेक्षा एकाला फळ्यापाशी बोलवा आणि कसं केलंस ते सांग म्हणा. मीटिंगमध्ये हे ऐकून आम्ही सगळे एका सुरात काय म्हणालो असू? “हव, दीदी!” माझं मलाच हसू आलं. बाईंनी फाईल मिटली.

अडचण होती नरहर सरांची. निवृत्तीनंतरही संस्थेने ठेवून घेतलेले, पाचवीला गणित शिकवणारे. त्यांच्या ‘समझे?’वर वर्ग असा दणकून ‘हव’ म्हणायचा की शेजारच्या वर्गात माझं बोलणं तुटायचं. खुद्द बाई याच शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या. संस्थेने बाईंना बजावलं होतं, दिवाळीपर्यंत सर बदलले नाहीत तर वर्ग काढून घ्या, ऑफिसात बसवा. सरांना ना बायको, ना मुलंबाळं. वर्ग गेला तर त्या माणसाकडे उरणार काय? आणि बाईंनी हे त्यांना हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगितलं. मला संताप आला.

“मले काहून शिकवून राहिली तू?” सर उखडले. “तुले कोणी शिकवलं?”

“तुम्हीच, सर. उद्यापासून मी मागच्या बाकावर बसीन.”

रोज बसल्या. कधी टोकलं नाही, कधी शाबासकी दिली नाही. सर तोंडाशी आलेलं ‘समझे?’ गिळायचे आणि मग पुढे काय बोलावं ते न सुचून कोराच फळा पुसत राहायचे. मला बघवेना.

एक दिवस बाईंनी मलाही सोबत नेलं. भिन्न चालू होते, म्हणजे आपले अपूर्णांक. सरांनी चेतना नावाच्या मुलीला फळ्यापाशी बोलावलं. “कैसे किया, बता.” सर थांबले, खरंच थांबले. मग ती हळूच म्हणाली, “सर, मेरे को तो पिछले साल से ही नहीं आता.”

“और किसको नहीं आता?”

एकेक करत अर्ध्या वर्गाचे हात वर झाले.

तास संपल्यावर सर स्टाफरूममध्ये येऊन बसले. मी चहा आणून ठेवला, त्यांनी हात लावला नाही.

“मले ऑफिसात बसवून दे,” ते बाईंना म्हणाले.

“आता काहून, सर? हेच तर पाहिजे होतं. वर्ग तुमचाच राहीन.”

“इतके वर्षं हे पोट्टे हव म्हणत राहिले अन् मी...” मग एकदम वर बघून म्हणाले, “तू तरी शिकली न. तुले तर समजत होतं न, सरोजिनी?”

हो म्हणा बाई, मी मनात म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला हो म्हणायला काय जातंय तुमचं?

“नाही, सर,” बाई त्याच सपाट आवाजात म्हणाल्या. “भिन्न मले कधीच नाही समजले. पाठ करून पास झाली मी.”

मी मान खाली घातली. सर रडतील असं वाटलं. ते बाईंकडे वळले.

“कुठून सुटलं तुझं?” त्यांनी विचारलं. “भागाकारापासूनच, का छेद सारखे कराचे तिथून?”

बाईंनी पदर तोंडाला लावला.

“छेदापासून, सर.”

“बस मग,” सर म्हणाले, आणि बाजूची खुर्ची ओढली.